झोपेतून न उठणारा लॅपटॉप

लग्न होऊन मी इंदापूरहून बारामतीजवळच्या सांगवीला आले, तेव्हा माझ्या सामानात एक जुना लॅपटॉप होता. कॉलेजात असताना सेकंडहँड घेतलेला, काळा, जड, एका कोपऱ्याला टवका उडालेला. त्यावर विंडोज इतकं रखडायला लागलं होतं की शेवटच्या वर्षाला मी ते पुसून त्याच्या जागी फुकट मिळणारं लिनक्स टाकलं, आणि त्या दिवसापासून तो शहाण्यासारखा चालायला लागला. पुण्याच्या एका प्रकाशकासाठी मी त्यावर शाळेच्या मुलांची पुस्तकं लावायचे. मजकूर बसवायचा, चित्रं बसवायची, गाळलेल्या जागांच्या रेघा आखायच्या. लग्नाची बोलणी झाली तेव्हा वडिलांनी सांगितलं होतं की मुलगी घरून काम करते आणि ते पुढेही करील. त्यावर माझे सासरे, म्हणजे तात्या, यांनी मान हलवली आणि सांगवीत लाइट कधी येते, कधी जाते ते बराच वेळ समजावून सांगितलं. तीच त्यांची संमती होती.

सासरी टोमॅटो, काकडी आणि ढोबळी मिरची, शिवाय नदीकडच्या अंगाला थोडा ऊस. घराला लागून एक मोठी शेड होती. तिथे माल निवडून क्रेटमध्ये भरायचे आणि टेंपो येऊन घेऊन जायचा. माणसं चांगली होती. नवराही चांगला होता, पण बोलायचा फार कमी. आमचं लग्न पाहून ठरवलेलं. त्याला मला ‘तू’ म्हणायचा संकोच व्हायचा आणि ‘तुम्ही’ म्हणणं विचित्र वाटायचं. म्हणून तो दोन्ही टाळून बोलायचा. “चहा झाला का?”, “जेवण झालं असंल तर दिवा मालवायचा का?” अशी वाक्यं, ज्यात माणूसच नसायचा. मी ‘अहो’ म्हणायचे, कारण त्याच्याशिवाय मला दुसरं काही येत नव्हतं. असे आम्ही दोघं एका घरात, एकमेकांशी फार अदबीनं वागत होतो.

लॅपटॉपचं दुखणं पहिल्यांदा कळलं ते एका सकाळी. बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसून मी एका पानावर फुलपाखराचं चित्र बसवत होते. तेवढ्यात टेंपो आला आणि सासूबाईंनी चहा टाकायला हाक मारली. त्यांना आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी आत्या म्हणते. मी झाकण मिटलं आणि आत गेले. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो आणि उघडलं की होता तिथून उठतो, अशी त्याची सवय. परत येऊन झाकण उघडलं तर फुलपाखरू होतं, पान होतं, सगळं होतं, पण बाण हलेना. कळ दाबली तरी काही नाही. कोपऱ्यातलं घड्याळ मी चहा टाकायला गेले त्या वेळेवरच थांबलेलं. शेवटी बटण बराच वेळ दाबून धरलं आणि बंद करून पुन्हा चालू केला. सकाळचं अर्धं काम गेलं होतं.

मग ते रोजचंच झालं. दर वेळी नाही, पण दोनदा उठला की तिसऱ्यांदा गोठायचा. इंदापूरला मी दार लावून सलग बसायचे, संध्याकाळी लॅपटॉप पूर्ण बंद करायचे. इथे तासाभरात चारदा उठावं लागायचं. दर वेळी तो पूर्ण बंद करून पुन्हा सगळं उघडत बसले, तर कामापेक्षा उघडझाकच जास्त व्हायची. एकदा रात्रीच्या जेवणाला मी बोलून गेले की माहेरी हा असं कधीच करत नव्हता. म्हणाले आणि ताटाकडेच बघत राहिले, कारण वाक्य तोंडातून निघाल्यावर ते कसं ऐकू आलं असेल ते माझ्या लक्षात आलं.

आत्यांनी शांतपणे भाकरी मोडली. “माझंबी पयल्या वर्षी असंच व्हायचं,” त्या म्हणाल्या. “माहेरास्नं आलं की दोन दिस कुनाशी बोलायची न्हाय मी. मग आपसुक सुदरायची.”

मी हसले आणि मग सगळेच हसले. लॅपटॉपचं दुखणं त्या दिवसापासून माझं एकटीचं राहिलं नाही. ज्याला जे सुचेल ते त्याने करायला सुरुवात केली. तात्यांचा संशय व्होल्टेजवर होता. आमच्याकडे मोटार जळाली, टीव्ही गेला, बल्ब उडाला, सगळ्याचं कारण व्होल्टेजच असतं. नवरा बारामतीला गेला आणि स्टॅबिलायझर घेऊन आला. आत्यांना वाटलं, यंत्र तापतं. त्यांनी देवघरातला जादाचा पाट आणून त्याखाली ठेवला, म्हणजे खालून हवा खेळेल. मी त्याची पाठ उघडून आतली धूळ रंगाच्या ब्रशने झाडली. लॅपटॉप पाटावर बसून, स्टॅबिलायझरची वीज पिऊन, स्वच्छ होऊन पुन्हा गोठला.

मला त्याचं वाईट वाटत होतं. मी कॉम्प्युटर शिकलेली. घरात कुणी तसं बोललं नाही, पण दर वेळी मी बटण दाबून धरलं की सगळे क्षणभर थांबून माझ्याकडे बघायचे. पीक माझं होतं आणि रोग मात्र मलाच ओळखता येत नव्हता.

रोगाचा पहिला धागा सापडला तो शेळ्यांमुळे. आत्यांना चार शेळ्या पाळायच्या होत्या. तात्यांचा त्याला विरोध होता, त्यांच्या मते शेळी एकदा ढोबळीच्या शेडनेटमध्ये शिरली की हंगाम संपला. म्हणून आत्यांनी तयारीनं वाद घालायचं ठरवलं होतं आणि दुपारी माझ्याकडून लॅपटॉपवर शेळीपालनाचं व्याख्यान लावून घेतलं होतं. कुणी तरी डॉक्टर करडांच्या जंतांच्या औषधाबद्दल बोलत होते. मध्येच नवरा आत आला. टेबलावर काकडीच्या बियाण्याची पाकिटं ठेवायला जागा पाहिजे होती म्हणून त्याने सहज झाकण मिटलं. आत्या ओरडल्या तसं त्याने ते घाईघाईने पुन्हा उघडलं. डॉक्टरांचं चित्र जागच्या जागी थिजलं होतं, तोंड अर्धवट उघडं. पण आवाज चालूच होता. करडाचं वजन बघून औषध द्यावं, असं ते सांगत होते.

“त्येचं तोंड हलंना,” आत्या म्हणाल्या, “पर बोलतोय की त्यो.”

मी दारात उभी होते, तिथेच थांबले. आजवर मला वाटत होतं की झोपेतून उठताना अख्खा लॅपटॉपच मरतो. पण मेलेल्याला आवाज कुठून येणार? म्हणजे तो उठत होता. आत सगळं जागं होतं, फक्त पडद्याला जाग येत नव्हती. माझी अडचण एकदम दहापटीनं लहान झाली. मी आत्यांना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, असंल, पण औषधाचं नाव काय सांगितलं ते ऐकू दे.

दुसऱ्या दिवशी मी फोन आणि लॅपटॉप यांची गाठ घालून दिली. लिनक्समध्ये अशी सोय असते की दोघं एकाच वायफायवर असले, तर फोनवरून हुकूम टाइप करून लॅपटॉपच्या आत शिरता येतं. पडद्याची गरजच पडत नाही. मग मी झाकण मिटायचं, उघडायचं, असं करत बसले. हवा तेव्हा मात्र तो गोठेना. नवरा ड्रिपचे व्हॉल्व्ह बदलून पाय धुवायला आला, तेव्हा कुठे गोठला. मी आनंदाने टाळी वाजवली. लॅपटॉप बिघडल्याचा बायकोला एवढा आनंद का झाला, ते बघायला तो ओल्या पायांनी जवळ आला.

फोनवर मी हुकूम लिहिला. लॅपटॉपने लगेच उत्तर दिलं. थिजलेल्या पडद्याआड तो ठणठणीत होता. मी फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि कोणती अक्षरं दाबायची ते एकेक करून सांगितलं. पुन्हा चालू हो, असा तो हुकूम होता. त्याने शेवटची कळ दाबली. समोर टेबलावर, कुणी बोट न लावता, लॅपटॉप काळा झाला, त्याचा पंखा घुमला आणि तो नव्याने सुरू झाला.

“अगं,” नवरा म्हणाला, “ह्येला कुनी हातबी लावला न्हाय. तू हितं, मी हितं.”

मग त्याच्याच लक्षात आलं. तोंडून ‘अगं’ निघून गेलं होतं, ‘तू’सुद्धा निघून गेलं होतं. त्याने फोन टेबलावर ठेवला आणि व्हॉल्व्ह बघायला निघून गेला, जे तो आत्ताच बदलून आला होता.  लॅपटॉपने पासवर्ड विचारला होता, पण मला तो बराच वेळ टाइपच करता आला नाही.

त्यानंतर काम सरळ रेषेत गेलं. पुढच्या वेळी तो गोठल्यावर मी फोनवरून आत शिरून त्याच्या नोंदी वाचल्या. झोपेतून उठल्यावर लिनक्स पडद्याच्या चिपला हाका मारत होतं आणि चिप उत्तर देत नव्हती. हाका मारून मारून शेवटी त्याने नाद सोडला होता. मग मला आठवलं. लग्नाच्या आधी इंदापूरला पाहुण्यांनी घर भरलेलं असताना, मेंदी लावलेला हात वर धरून, मी दुसऱ्या हाताने लॅपटॉपची सगळी अपडेट करून टाकली होती. सांगवीला नेट कसं असेल काय माहीत, असा विचार करून. त्यात लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो नवा आला होता. जुना अजून आत होता. सुरू होताना मी यादीतून जुना निवडला आणि दिवसभर झाकण मिटत-उघडत राहिले. तो एकदाही गोठला नाही.

रात्री जेवताना मी जाहीर करून टाकलं की दोष सांगवीच्या विजेचा नाही, धुळीचा नाही, दोष माहेराहूनच आला होता. तात्या सहसा हसत नाहीत. त्या रात्री त्यांना ठसका लागला आणि आत्यांना त्यांच्या पाठीवर थापटावं लागलं.

एवढ्यावर थांबता आलं असतं. जुन्या गाभ्यावर माझं काम सुरळीत चाललं होतं. पण नवऱ्याने विचारलं, की असा लॅपटॉप दुसऱ्या कुणाकडे असेल तर त्याचं काय. मी म्हटलं, त्याचाही गोठत असेल. तो म्हणाला, “रोपं खराब निघाली तर आपुन नर्सरीवाल्याला फोन करतो का न्हाय? त्येला कळवल्याबिगर कसं कळनार?”

लिनक्स ज्यांनी केलं, ते लोक जगभर विखुरलेले. पडद्याच्या चिपचा भाग सांभाळणाऱ्यांनी तक्रारींसाठी एक जागा ठेवली आहे. तिथे लिहायला मी फार भीत होते. तिथली माणसं एकमेकांशी ज्या भाषेत बोलत होती, त्यातलं मला अर्धंच कळत होतं. मी इंग्रजीत लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. नवरा शेजारी बसून कांदे निवडत होता. मी एकेक वाक्य त्याला मराठीत करून सांगायचे आणि तो त्यात खोट काढायचा. “दोनदा उठतो अन् तिसऱ्यांदा गोठतो, हे आलं का? आवाज चालू ऱ्हातो, ते आलं का?” शेळ्यांच्या डॉक्टरांचा उल्लेख मात्र मी गाळला. ते त्याला पटलं नाही, पण त्याने फार ताणलं नाही.

उत्तर काही दिवसांनी आलं. लांबच्या देशातला एक माणूस होता. त्याची सकाळ म्हणजे आमची दुपार कलायची वेळ. त्याने आधी आभार मानले होते. आवाज चालू राहतो ही गोष्ट महत्त्वाची आहे, असं त्याने मुद्दाम लिहिलं होतं. आत्यांना सांगितलं, तर त्यांनी फक्त मान हलवली, जणू त्यांना हे आधीच माहीत होतं. चूक कुठे असेल याचा त्याला अंदाज आला होता. त्याने चार-पाच ओळींची दुरुस्ती पाठवली होती, पण त्याच्याकडे असा लॅपटॉप नव्हता. ती दुरुस्ती घालून मी नवा गाभा बांधून बघेन का, असं त्याने विचारलं होतं.

गाभा बांधणं म्हणजे हजारो लहान तुकडे एकापाठोपाठ एक तयार करायचे आणि शेवटी जोडायचे. नव्या, ताकदवान यंत्रावर ते थोड्या वेळात होतं. माझ्या म्हाताऱ्याला अख्खा दिवस लागणार होता आणि तो तापणारही होता. शेडमध्ये माल सुकवायला मोठा पंखा होता. नवऱ्याने सकाळीच रिकामे क्रेट एकावर एक रचले, वर पाट ठेवला, पाटावर लॅपटॉप ठेवला आणि पंख्याचं तोंड तिकडे वळवलं. मी हुकूम दिला. पडद्यावर ओळी धावायला लागल्या.

शेडमध्ये टोमॅटो निवडायला बायका बसल्या होत्या. लाल एकीकडे, तांबूस एकीकडे, डागी एकीकडे. हात चालू, नजर पडद्यावर. हे काय चाललंय, असं एकीने विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत्यांनीच सांगून टाकलं की सुनेचा लॅपटॉप झोपला की उठत नाही, त्याचं औषध ती करते आहे. मग दर थोड्या वेळाने कुणी तरी विचारायचं, शिजलं का? मी वाकून बघायचे आणि सांगायचे, अजून कच्चं आहे. मध्ये लाइट गेली. बॅटरी थकलेली, ती फार तग धरणारी नव्हती. नवऱ्याने घरातल्या इन्व्हर्टरपासून शेडपर्यंत वायर ओढली. वायर मधून गेल्यामुळे बायकांना पाय आखडून बसावं लागलं, पण कुणी कुरकुर केली नाही. सगळ्यांचाच जीव त्यात अडकला होता.

ऊन उतरता उतरता काम पुरं झालं. मी नवा गाभा घातला आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला. तो सुरू झाला, हेच मला खूप वाटलं. मग झाकण मिटलं. बाजूचा बारीक दिवा सावकाश उघडझाप करायला लागला, म्हणजे झोप लागली. टोमॅटो निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. तात्या उसातून आले होते, तेही डोक्याचा रुमाल न सोडता उभे राहिले. मी झाकण उघडलं. घड्याळ चाललं होतं. बाण हलला. पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं. तिसऱ्यांदा मला धीर होईना, म्हणून मी आत्यांना सांगितलं. त्यांनी पदराला हात पुसले आणि पातेल्यावरचं झाकण काढावं तसं हलकेच उघडलं. उठला. मग प्रत्येकीने एकेकदा मिटून-उघडून बघितलं. टेंपोवाला माल न्यायला आला, त्यालाही एकदा करायला लावलं. लॅपटॉप दर वेळी उठत होता आणि मी दर वेळी हसत होते. शेवटी मला हसायला येतंय की रडायला, ते माझं मलाच कळेना.

मी त्या माणसाला कळवलं. त्याने लिहिलं की ही दुरुस्ती आता सगळ्यांसाठी लिनक्समध्ये जाईल, आणि रीत अशी आहे की ज्याने तपासून बघितलं त्याचं नाव दुरुस्तीच्या खाली लिहितात. तुमचं नाव कसं लिहू?

या प्रश्नावर मी दोन दिवस अडले. माझ्या मेलवर माहेरचं आडनाव होतं. सांगवीत सगळे मला सासरच्या आडनावाने ओळखत होते. नवरा टोमॅटोची बांधणी करत होता. वाढलेल्या फांद्या सुतळीने वरच्या तारेला बांधायच्या. मी शेजारच्या ओळीत सुतळी कापून देत होते, तेव्हा विचारलं.

“तपासलं कुनी?” त्याने विचारलं.

“मी.”

“मग तुला जे आपलं वाटतं ते लिव. त्यात मला काय इचारायचं?”

आम्ही थोडे पुढे सरकलो. फांद्यांचा हिरवा वास हाताला लागत होता. मग तो तारेकडे बघतच म्हणाला, “पर गावाचं नाव घालता येतंय का गं त्यात?”

गावाचं नाव घालता येत नव्हतं. मी दोन्ही आडनावं लिहिली, आधी माहेरचं, मग सासरचं. नाव लांबलचक झालं, पण त्या माणसाने ते तसंच घातलं. ते पान उघडून मी आत्यांना दाखवलं. सगळं इंग्रजी. मी माझ्या नावावर बोट ठेवलं. त्यांनीही आपलं बोट त्याखालून सावकाश फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

“हे पुसत्यात का नंतर?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही. लिनक्स आहे तोवर त्याच्या इतिहासात ते राहणार.

“मग बरं,” त्या म्हणाल्या आणि उठल्या. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही असं मला वाटलं होतं, पण संध्याकाळी शेजारच्या काकू येऊन मला आपादमस्तक न्याहाळून गेल्या.

पुढे दोन-तीन महिन्यांनी आम्ही मोटारसायकलवर इंदापूरला माहेरी गेलो होतो. तिथे लॅपटॉपने नेहमीसारखी अपडेट घेतली. त्यात नवा गाभा आला आणि त्यात ती दुरुस्ती होती. मी हाताने बांधलेला गाभा काढून टाकला. आईच्या स्वयंपाकघरात बसून झाकण मिटलं, उघडलं. काहीच झालं नाही, म्हणजे जे व्हायला हवं तेच झालं. वडिलांना मी समजावून सांगितलं. त्यांना नीट कळलं नाही, पण जावयाला त्यांनी दोनदा वाढलं.

परत येताना बारामतीत खताच्या दुकानात थांबलो. नवऱ्याला सुतळीची बंडलं आणि ठिबकचे जोड घ्यायचे होते. दुकानदार ओळखीचा. नवरा, जो चार वाक्यं बोलला तरी मला नवल वाटायचं, तो गल्ल्याला टेकून सांगायला लागला की आमच्या हिचं नाव लिनक्समध्ये लागलंय, आता जगात कुठंबी असला लॅपटॉप झोपला की हिच्यामुळं नीट उठतो. त्यातलं अर्धं बरोबर नव्हतं. ओळी दुसऱ्याच्या होत्या, मी नुसतं तपासलं होतं. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याचा चेहरा फार छान दिसत होता.

दुकानदाराने सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाला, “वैनी, आमचा प्रिंटर बगता का? बिल छापायला गेलं की निस्ता घुरघुरतोय.”

मी गल्ल्याच्या आत गेले. प्रिंटरच्या पोटात मिरचीच्या बियाण्याचं पाकीट अडकलं होतं. ते ओढून काढलं. आमचंच बिल पहिलं छापून आलं.